बावितच्या कॉप्टिक चित्रफळीची प्रतिकृती: मेण का सुटतं आणि थर कसे बांधायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तुम्हाला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या ‘ख्रिस्त आणि मठाधिपती मेना’ या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती परंपरेतल्या, चित्राची मूळ मापाची प्रतिकृती करायची आहे. तुम्ही सागाचं व्हिनिअर लावलेलं १८ मिमीचं प्लाय घेतलं, त्यावर अ‍ॅक्रिलिक जेसोचे (तयार पांढऱ्या अस्तराचे) तीन हात दिले आणि मधमाशीच्या मेणात पावडरचे रंग कालवून गरम असतानाच ब्रशने लावले. पंधरवड्यात प्रभावळीच्या कडेपासून पापुद्रे सुटायला लागले. आता एक जण सांगतोय की ही चित्रं मेणाची नव्हतीच, अंड्याच्या बलकाची होती. दुसरा म्हणतोय मेणात राळ घाला. शिवाय काम झाल्यावर ते जुनं कसं दिसेल, हेही तुम्ही विचारलंय.

मेण की अंडं, हा वाद तूर्त बाजूला ठेवा. तुमचा पापुद्रा सुटला तो मेणामुळे नाही, मेणाखालच्या थरामुळे. अ‍ॅक्रिलिक जेसो वाळला की त्याचा प्लास्टिकसारखा पडदा होतो. तो लवचीक असतो, गरम मेण लागलं की मऊ पडतो आणि मेणाला आत शिरू देत नाही. मेणाची पकड ही चिकटण्याची पकड नाही. वितळलेलं मेण छिद्रांमध्ये उतरतं, तिथे गोठतं आणि अडकून बसतं. छिद्रंच नसतील तर ते वर नुसतं पडून राहतं आणि थंड होताना आकसलं की कडेपासून उचलायला लागतं. त्यात तुमचं माध्यम शुद्ध मेण असेलच याची खात्री नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आता मूळ वस्तूबद्दल. हे चित्र मध्य इजिप्तमधल्या बावितच्या मठातून आलं. नाईलच्या पश्चिम काठावरचा, अस्युतच्या उत्तरेला असलेला हा अपा अपोलोचा मठ. चौथ्या शतकाच्या शेवटाकडे स्थापन झाला आणि पुढच्या काही शतकांत मोठा झाला. चित्र साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं मानतात, काही अभ्यासक ते आठव्यापर्यंत आणतात. फळी ५७ सेंमी बाय ५७ सेंमी, जाडी सुमारे २ सेंमी, लाकूड सायकमोर अंजिराचं. माध्यमाची नोंद मेण आणि टेम्पेरा (सरस, डिंक किंवा बलकात कालवलेला पाण्यातला रंग) अशी जोडीने केलेली आढळते. म्हणजे तुम्हाला सल्ला देणारे दोघेही अर्धे बरोबर आहेत.

त्या काळातल्या कॉप्टिक रंगीत लाकडासाठी एकच एक कृती नव्हती, हे लक्षात घ्या. वॉशिंग्टनच्या फ्रिअर संग्रहातल्या गॉस्पेल (ख्रिस्तचरित्राच्या) पोथीच्या लाकडी पुठ्ठ्यांवर ती चरित्रं लिहिणाऱ्या चार सुवार्तिकांची चित्रं आहेत, ती मेणातली आहेत. बर्लिनच्या बोडे संग्रहालयातली बिशप अब्राहमची छोटी चित्रफळी, साधारण ३६ बाय २६ सेंमीची, टेम्पेरात आहे. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातला प्रसिद्ध ख्रिस्त मेणाचा, पण तो कॉप्टिक कार्यशाळेतला म्हणता येणार नाही. रंगवलेल्या पेट्या, छताच्या पट्ट्या, दाराच्या फळ्या यांच्यावर बहुधा पातळ पांढऱ्या अस्तरावर किंवा थेट लाकडावर पाण्यातला रंग असतो. घरातल्या रोजच्या पेटीवर कोणी तासन्‌तास मेण तापवत बसत नव्हतं. त्यामुळे उद्या पेटीची प्रतिकृती करायची झाली तर खाली सांगितलेला मेणाचा भाग सोडून द्या.

एक सावधगिरी. इंटरनेटवर ‘कॉप्टिक आयकॉन’ (पूजेतलं धार्मिक चित्र) म्हणून जे ढिगाने दिसतं, त्यातलं बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. इसाक फानूस यांनी उभ्या केलेल्या नव्या कॉप्टिक शैलीतलं: सोनेरी पार्श्वभूमी, भौमितिक चेहरे. कैरोच्या जुन्या चर्चमधल्या आयकॉनपैकी पुष्कळ अठराव्या शतकातले, युहन्ना अल-अर्मानी आणि इब्राहिम अल-नासिख यांच्या हातचे किंवा त्यांच्या काळातले. आणि कृतीचे व्हिडिओ बघायला गेलात तर ते रशियन किंवा ग्रीक परंपरेचे निघतात: कापड चिकटवलेली फळी, जाड पॉलिश केलेलं अस्तर, सोन्याचा वर्ख, चेहऱ्याखाली हिरवट थर, शेवटी जवसाच्या तेलाचा लेप. यातलं काहीही तुमच्या फळीला लागू नाही. मेनाच्या चित्रात सोनं नाही. मागे हिरवट-तपकिरी टेकड्या, वर नारिंगी आभाळ, आकृत्यांना ठसठशीत काळ्या रेषा आणि मातीच्या रंगांचे सपाट पट्टे, एवढंच आहे.

आता लाकूड. इजिप्तमध्ये लांब-रुंद फळ्या देणारी झाडं नव्हतीच. सुतारांच्या हाताशी होतं सायकमोर अंजीर, झाऊ, बाभूळ आणि बोरीच्या जातीचं लाकूड. चांगलं लाकूड लेबनॉनकडून किंवा आणखी उत्तरेकडून आणावं लागे. इजिप्तमधल्याच फायुमच्या ममींवरची जुनी व्यक्तिचित्रं बहुतांशी आयात केलेल्या लिंडेनच्या (युरोपातल्या एका झाडाच्या) पातळ पत्र्यासारख्या फळ्यांवर आहेत. मठांच्या काळात मात्र स्थानिक लाकूडच जास्त दिसतं. म्हणून छोटे छोटे तुकडे खुंट्यांनी आणि कुसवांनी (खाचेत बसणाऱ्या जिभांनी) जोडून मोठी फळी करायची, ही तिथली जुनी सवय होती.

आपल्याकडे सोय अशी की त्यातली दोन झाडं जवळपास घरचीच आहेत. बाभूळ तर तीच, नाईलकाठची बाभूळ आणि आपली बाभूळ एकाच जातीची. सायकमोर अंजीर उंबराच्या कुळातलं, फळं तशीच खोडाला लगडतात. पण प्रतिकृतीसाठी या दोन्हींची शिफारस करणार नाही. बाभूळ जड, टणक आणि पीळ घेणारी. उंबराला पोखरकिडा फार लागतो आणि वखारीत नीट सुकवलेलं उंबर मिळणं मुश्कील. शिवणीच्या झाडाचं लाकूड घ्या. हलकं, रंधायला सोपं आणि एकदा सुकलं की फारसं हलत, म्हणजे फुगत-आकसत, नाही. ड्रॉइंग बोर्डसाठी ते वापरत आले आहेत ते त्याच कारणाने. परदेशात असाल तर लिंडेन मिळेल, तेही उत्तम. साग मात्र नको. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यावर सरस नीट धरत नाही. वरून सगळं ठीक दिसतं आणि वर्षभराने अस्तर फुगून येतं. तुमच्या प्लायवरचं व्हिनिअर सागाचंच होतं, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या जागी खरं अस्तर दिलं असतं तरी अडचण आलीच असती.

शिवणीच्या चार पट्ट्या घ्या, प्रत्येक १६ सेंमी रुंद, ६२ सेंमी लांब, रंधण्यापूर्वी निदान ३ सेंमी जाड. पांढरं कोवळं लाकूड काढून गाभ्याचं ठेवा. भोकं किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर ती पट्टी परत करा, कितीही सरळ असली तरी. शक्यतो गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कापलेल्या पट्ट्या मागा. वखारवाला कुरकुर करेल, कारण त्यात लाकूड वाया जातं. पण फरक मोठा आहे. लाकडातला ओलावा ५ टक्क्यांनी बदलला, आणि आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांत एवढा फरक सहज पडतो, तर ५७ सेंमी रुंदीची साधी चिरलेली फळी अंदाजे ६ मिमी हलते. योग्य दिशेने कापलेली त्याच्या निम्मी. अस्तर आणि मेण मिळून जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही, ते ६ मिमीची ओढ सहन करणार नाही. इजिप्तमधल्या फळ्या टिकल्या त्या वाळवंटाच्या वाळूत शतकानुशतकं कोरड्या राहिल्या म्हणून. तिथे ही ओढ फारशी नव्हतीच. मुंबईच्या जुलैमध्ये टांगलेल्या फळीचं नशीब तेवढं चांगलं नसतं.

जोडताना कडा रंध्याने इतक्या सरळ करा की दोन पट्ट्या एकमेकींवर उभ्या धरल्या तर मधून उजेड दिसता कामा नये. प्रत्येक जोडात ८ मिमीच्या तीन लाकडी खुंट्या आणि गरम सरस. फेव्हिकॉलसुद्धा चालेल. जोड टिकणं महत्त्वाचं, आणि प्रेक्षक जोडाच्या आत बघणार नाही. पण वरच्या थरांसाठी मात्र फेव्हिकॉल नको, तिथे पुन्हा अ‍ॅक्रिलिकसारखाच पडदा होतो. चोवीस तास शिकंज्यात ठेवून मग दोन्ही बाजूंनी रंधून २ सेंमीवर आणा. मागे दोन आडव्या पट्ट्या द्यायच्या असतील तर त्या फळीला चिकटवू नका. खाच करून आत सरकवा, म्हणजे फळी हलली तरी पट्टीवर घासत सरकेल. चिकटवलेली आडवी पट्टी फळीला रोखून धरते आणि मग फळी जोडावरच तडकते.

सरसाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. प्राण्यांच्या कातड्याचा सरस घ्या, दाणेदार किंवा वड्यांचा. १५ ग्रॅम सरस ३०० मिली थंड पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी तो फुगून मऊ झालेला असतो. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करा आणि ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. सरस उकळला की त्याची पकड अर्धीमुर्धी जाते, आणि अस्तर वर्षभरात पिठूळ होण्याचं हे सर्रास दिसणारं कारण आहे. हा पातळ सरस फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना एकेक हात द्या, दुसऱ्या दिवशी आणखी एक. मागची बाजू सोडली तर फळी पुढच्या बाजूनेच ओलावा रोखते, मागून घेते आणि वाटीसारखी वळते. दुसरा हात वाळल्यावर हात फिरवून बघा, तंतू उभे राहिलेले लागतील. हलक्या हाताने २४० नंबरचा सँडपेपर मारा.

आता अस्तर. इजिप्तमध्ये जिप्सम आणि खडू दोन्ही वापरत. तुम्ही खडू घ्या, म्हणजे बारीक कॅल्शियम कार्बोनेट, व्हायटिंग नावाने मिळतं. प्लास्टर ऑफ पॅरिस थेट घालू नका. ते भांड्यातच घट्ट होईल, आणि लावलं तरी स्वतःचं पाणी घेत घट्ट होताना सरसाशी नीट जुळत नाही. फळ्यावरच्या खडूची पूडही नको. आजकालचे खडू बहुतेक जिप्समचे असतात आणि त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही.

४०० मिली पाण्यात ३० ग्रॅम सरस, आधीसारखाच भिजवून गरम केलेला. गरम म्हणजे ४० ते ४५ अंश, बोटाला कोमट लागेल इतपत. त्यात चाळणीतून खडू हळूहळू सोडा, ढवळू नका. पूड आपोआप बुडत जाते. पाण्याच्या पातळीवर कोरडी बेटं दिसायला लागली की थांबा. साधारण ५०० ते ६०० ग्रॅम जाईल. पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग ब्रशने तळापासून अगदी सावकाश फिरवा. जोरात ढवळलं की हवा मिसळते, आणि ती हवा नंतर सुईच्या टोकाएवढ्या भोकांच्या रूपाने वर येते. ही भोकं मेणाखाली गेली की तापवताना त्यातली हवा बाहेर पडते आणि मेणावर फोड येतात.

पहिला हात पातळ, थोडं पाणी घालून, ब्रशच्या टोकाने टिपत द्या. पुढचे हात एक उभा, एक आडवा असे. मागचा हात हाताला चिकटेनासा झाला पण अजून गार लागतोय, तेव्हा पुढचा द्यायचा. पूर्ण वाळून खडखडीत झाल्यावर दिला तर खालचा थर नवीन हाताचं पाणी एकदम ओढून घेतो आणि दोन थरांत सांधा राहतो. तोच सांधा पुढे सुटतो. चार-पाच हात पुरेत, एकूण जाडी अर्धा मिलिमीटर. रशियन पद्धतीचे आठ-दहा हात इथे नकोत. कॉप्टिक फळीवर अस्तर पातळ असतं, खालच्या लाकडाची पोत कुठे कुठे डोकावते, आणि तुम्हाला तीच हवी आहे. सगळे हात एकाच दिवशी संपवा. तीन दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात नाही, पंख्याच्या थेट वाऱ्यातही नाही.

सरस किती हवा याचा खरा अंदाज हवेवर, सरसाच्या जातीवर आणि तुमच्या खडूवर ठरतो, म्हणून वरचे आकडे नुसती सुरुवात समजा. सरस जास्त झाला तर अस्तरावर तळ्याच्या गाळासारख्या जाळीदार भेगा येतात, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. कमी झाला तर बोटाला पांढरं लागतं. आणखी एक नियम पाळा: अस्तरापासून वर जाताना सरस कमी होत गेला पाहिजे, वाढता कामा नये. वरचा थर खालच्यापेक्षा जोरकस झाला की आकसताना खालच्याला सोलून काढतो. हाच नियम पुढे रंगालाही लागू आहे.

हे सगळं शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात सरस वाळत नाही, भांड्यातला दोन दिवसांत वास मारायला लागतो, आणि अस्तरावर बुरशीचे राखाडी ठिपके येतात. उरलेला सरस फ्रीजमध्ये ठेवा, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकलेत तर आठवडाभर टिकेल. काही जण चिंचोक्याची खळ सुचवतील. सावंतवाडीच्या गंजिफ्यांसाठी ती वापरतात आणि कापडावर छान बसते. पण तापवलेल्या मेणाखाली, आणि तेही खडूच्या अस्तरासाठी, मी सरसालाच पसंती देईन.

रंगांकडे वळू. त्या काळच्या इजिप्तच्या रंगपेटीतले बरेच रंग आपल्याला नावाने ओळखीचे आहेत. लाल आणि पिवळी माती, म्हणजे गेरू आणि पिवडी. शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. हरताळ. नीळ. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा गुलाबी. काजळी आणि कोळशाचा काळा. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, खडू, जिप्सम. हिरव्यासाठी हिरवी माती किंवा नीळ आणि हरताळ यांचं मिश्रण. आणि इजिप्शियन निळा: वाळू, चुना, तांबं आणि क्षार भट्टीत एकत्र तापवून केलेला कृत्रिम रंग. फारोंच्या काळापासून चालत आलेला, पण आपल्या चित्राच्या काळापर्यंत उतरणीला लागलेला. त्याचा एक गुण अभ्यासकांच्या फार कामी येतो: साध्या प्रकाशात तो इन्फ्रारेडमध्ये चमकतो, आणि त्यासाठी बदललेल्या कॅमेऱ्यात एखादा कणही पांढरा ठिपका होऊन दिसतो. फायुमच्या काही व्यक्तिचित्रांत तर डोळ्याला निळं अजिबात दिसत नाही अशा जागीही तो सापडला आहे, पांढऱ्याला आणि कातडीच्या रंगाला थंडपणा देण्यासाठी मिसळलेला.

मेणात मिसळण्यासाठी गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी हे बिनधास्त वापरा. शेंदूर, सफेदा आणि हरताळ मात्र तापवायचे नाहीत. कॉलेजच्या खोलीत तर नाहीच. पहिले दोन शिशाचे, तिसरा आर्सेनिकचा. शेंदराच्या जागी लाल आणि पिवळी आयर्न ऑक्साइड मिसळून थोडा कॅडमियम-मुक्त नारिंगी घाला. हरताळाच्या जागी पिवडीत थोडा हान्सा पिवळा. सफेद्याच्या जागी टायटॅनियम चालतो, पण तो फार झाकतो आणि थंड दिसतो, म्हणून त्यात निम्मा खडू आणि चिमूटभर पिवडी घाला. इजिप्शियन निळा आता पुन्हा तयार होऊन मिळतो, महाग आहे. तो घेतलात तर आणखी वाटू नका. कण जितका बारीक, तितका हा रंग फिका पडतो. नसेल तर कोबाल्ट निळ्यात पांढरा आणि थेंबभर हिरवा. अल्ट्रामरीनने जांभळट झाक येते आणि चित्र लगेच आधुनिक दिसतं. रांगोळीचे आणि होळीचे रंग नकोत. ते बहुधा खडूवर चढवलेले डाय असतात, मेणात ओघळतात आणि महिन्यात उडतात.

आता तुमचा मूळ प्रश्न: मेण कुठे आणि टेम्पेरा कुठे? प्रतिकृतीसाठी क्रम असा ठेवा की पाण्यातलं सगळं खाली आणि मेणातलं सगळं वर. उलट करता येत नाही, मेणावर पाण्याचा रंग थेंब थेंब होऊन गोळा होतो. आधी रेषांचं रेखाटन पातळ गेरूने. मग पार्श्वभूमी, टेकड्या, आभाळ आणि वस्त्रांचे सपाट पट्टे सरसाच्या रंगात. रंगाची पूड पाण्यात वाटून त्यात ३ ते ४ टक्क्यांचा कोमट सरस घाला. बोटाने घासून रंग उठला तर सरस कमी, चकाकी आली तर जास्त. बाभळीच्या डिंकातही हे करता येतं, एक भाग डिंक, दोन भाग पाणी, पण दमट हवेत तो चिकट होतो. बलकही चालतो. मात्र फायुमच्या टेम्पेरा चित्रांच्या तपासणीत बहुतेकदा प्राणिज सरसच मिळतो, म्हणून इजिप्तसाठी मी सरसाच्या बाजूने आहे.

हे थर मेणाखाली गेले की गडद होतात. खडू मेण पितो आणि पारदर्शक होतो, नीळ खोल जाते, पिवडी तपकिरीकडे झुकते. म्हणून पाण्यातला रंग मूळ चित्रापेक्षा एक छटा उजळ ठेवा. ही एकच गोष्ट कोपऱ्यावर करून बघितली तर नंतरचा मोठा पश्चात्ताप वाचतो.

मेणाची शुद्धता आता. बाजारात ‘मेण’ म्हणून पॅराफिन सर्रास मिळतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, हाताच्या उबेने मळता येतं, तोडलं तर दाणेदार दिसतं आणि मधाचा वास येतो. पॅराफिन मळताना भुरभुरतं आणि थंडीत तडकतं. तुमचे पापुद्रे काचेसारखे कडक आणि टोकदार होते असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला मिश्रणाची शंका आहे. पोळंवाल्याकडून किंवा मधुमक्षिकापालकाकडून २५० ग्रॅम पिवळं मेण घ्या, फळीला पुरून उरेल.

राळेबद्दल: आजचे कलाकार आठ भाग मेणाला एक भाग डामर नावाची झाडाची राळ घालतात, त्याने पृष्ठभाग कडक होतो. तुम्ही ती प्रतिकृतीत न घातलेली बरी. मूळच्या झळाळीशी ती जुळत नाही आणि चिकटण्याचा प्रश्न राळेने सुटत नाही. रोमन लेखक प्लिनीने समुद्राचं पाणी आणि क्षार घालून उकळलेल्या ‘प्यूनिक’ मेणाचं वर्णन केलं आहे. ते म्हणजे पाण्यात मिसळणारं मेण होतं का, यावर अजून वाद आहे. तो प्रयोग वेगळा, या फळीवर नको.

मेण थेट गॅसवर तापवणं बंद करा. पाण्यात भांडं ठेवा, म्हणजे १०० अंशांच्या वर जाणारच नाही. धूर दिसला तर फार तापलंय. खिडक्या उघड्या ठेवा. रंग आणि मेण आकारमानाने साधारण समान, सुरीने सपाट ताटलीवर घोटलेले. ही ताटली ८० अंशांच्या आसपास ठेवा. ब्रश नैसर्गिक केसांचा हवा, नायलॉन वाकडा होतो. बारीक जागी लोखंडी किंवा पितळी सपाट पात्याचं हत्यार तापवून वापरा. जुन्या मेणचित्रांत चेहऱ्यावर अशा पात्याने ओढल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात, त्या गुळगुळीत करू नका.

मेण लावण्याआधी फळी जरा कोमट असावी, ३५ ते ४० अंश. थंड फळीवर मेण स्पर्शालाच गोठतं आणि आत उतरत नाही. प्रत्येक हातानंतर हीट गन कमीत कमी वेगावर, वीसेक सेंमी लांबून फिरवा, मेण जरा ओलं चमकलं की थांबा. ते वाहायला लागलं तर रेषा गेली. हे न करता एकावर एक हात दिले की दोन मेणांमध्येच पापुद्रा सुटतो, आणि त्या वेळी खालचं अस्तर निर्दोष असतं.

क्रम थोडक्यात असा बसतो: फळी, दोन्ही बाजूंना पातळ सरस, पातळ खडूचं अस्तर, पाण्यातले सपाट रंग, मग चेहरे, हात, ख्रिस्ताच्या हातातल्या रत्नजडित गॉस्पेलचे खडे आणि प्रभावळी मेणात, आणि शेवटी काळ्या रेषा, त्याही मेणातच. मूळ चित्रात कोणता भाग नेमका कशात आहे, हे जागोजागी सांगण्याचा दावा यात नाही. ही टिकणारी आणि दिसायला जवळ जाणारी वाटणी आहे.

रेखाटनाबद्दल दोनच गोष्टी. डोकी अंगाच्या मानाने मोठी आहेत आणि डोळे त्याहून मोठे. शरीरशास्त्राने ‘सुधारू’ नका, नाहीतर मेना निव्वळ आजचा कोणी उभा माणूस होईल. ख्रिस्ताचा उजवा हात मेनाच्या खांद्यावर मागून आलेला आहे आणि खांद्यावर दिसणारी बोटं बारीक काळ्या रेषेने वेगळी केली आहेत. ती रेषा जाड झाली की सगळा जिव्हाळा जातो. आणि लेखन अक्षर न अक्षर जसं आहे तसं उतरवा. ग्रीक शब्दकोश बघून ते दुरुस्त करण्याचा मोह टाळा, ती कॉप्टिक वळणं आहेत.

वॉर्निश काही लावायचं नाही. थंडीत मेणावर पांढरट धुरकटपणा आला तर घाबरू नका, मेणातले काही घटक पृष्ठभागावर येतात. कोमट खोलीत मऊ सुती कापडाने पुसलं की जातो. बुरशीपासून तो वेगळा ओळखायचा तर भिंग घ्या: बुरशीचे ठिपके गोल आणि केसाळ असतात.

जुनं दिसण्यासाठी चहा, डांबर, भाजणं, तडे पाडणं असलं काही करू नका. मेणाला तडे पाडायला गेलात तर पुन्हा तेच पापुद्रे. जुनेपणा हवाच असेल तर रंग लावतानाच थोडे मातकट ठेवा आणि उजळ जागा हाताच्या मागच्या बाजूने जरा घासा. मागे पुसता न येणाऱ्या शाईने ‘प्रतिकृती’, वर्ष आणि संस्थेचं नाव लिहा. इजिप्तमध्ये १९८३ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद आहे, आणि मागे कोरी असलेली चांगली प्रतिकृती दहा-वीस वर्षांत कुठल्यातरी दुकानात ‘दुर्मीळ’ म्हणून उभी राहते.

या आधी १५ बाय १५ सेंमीच्या तीन तुकड्यांवर पूर्ण क्रम करून बघा. एकात सरस सांगितला तेवढा, एकात दीडपट, एकात पाऊणपट. आठवड्याने ब्लेडने अस्तरापर्यंत जाईल अशी बारीक जाळी कापा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटकन ओढा. ज्या तुकड्यातून चौकोन निघत नाहीत, ते तुमचं प्रमाण. प्रदर्शनात हॅलोजनचे दिवे असतील तर फळीपासून दीड मीटर तरी लांब ठेवायला सांगा, किंवा एलईडी लावायला सांगा. मे महिन्यात दिव्याखाली मेण ४० अंशांना मऊ पडतं आणि त्यावर बसलेली धूळ मग निघत नाही.